मंद विद्युतप्रवाहाचा उपचार: नैराश्याच्या रुग्णासोबत जाणाऱ्याने काय पाहावे, काय विचारावे

इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याच्या गोळ्यांसोबत टीडीसीएस हा उपचार सुचवला, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो "म्हणजे शॉक देणार का?" हाच. ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन हे त्याचे लांबलचक नाव. मराठीत सांगायचे तर डोक्याच्या त्वचेवरून मेंदूला दिला जाणारा, एकाच दिशेने वाहणारा मंद विद्युतप्रवाह. मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे ओहमचा नियम मला नवा नव्हता; पण वीस दिवस तिच्यासोबत जाऊन बसल्यावर जे कळले ते पुस्तकातले नव्हते. हे टिपण रुग्णासाठी कमी आणि त्याच्यासोबत जाणाऱ्यासाठी अधिक आहे, कारण नैराश्याने घेरलेल्या माणसात प्रश्न विचारण्याची उमेद बहुधा उरलेली नसते आणि ते काम सोबतच्या माणसालाच करावे लागते. उपचार घ्यावा की नाही, हा निर्णय मात्र मानसोपचारतज्ज्ञांचा आणि रुग्णाचा; या टिपणाच्या आधारावर कोणीही तो परस्पर घेऊ नये.

आधी घरच्यांची समजूत घालावी

लोकांच्या मनात जो 'शॉक' असतो तो ईसीटी. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोन डॉक्टरांनी तो प्रथम वापरला. त्यात रुग्णाला भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन काही सेकंद सुमारे ८०० मिलिअँपिअरचे स्पंद दिले जातात आणि मेंदूत मुद्दाम, नियंत्रित आकडी आणली जाते. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता ईसीटी करण्यास मनाई केली आहे. टीडीसीएसमध्ये प्रवाह असतो जेमतेम २ मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या चारशेव्या भागाइतका. भूल नाही, आकडी नाही, रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो आणि हवे तर वर्तमानपत्र वाचू शकतो. तिसरा एक प्रकार आहे आरटीएमएस, ज्यात डोक्याजवळ चुंबकीय वेटोळे धरून स्पंद देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी त्याला २००८ मध्ये मान्यता दिली. हे तिन्ही उपचार निरनिराळे आहेत आणि दवाखान्यात नेमका कोणता सुचवला आहे हे नाव कागदावर लिहून घ्यावे, कारण घरी येईपर्यंत नावांची सरमिसळ हमखास होते. आमच्याकडे धाकट्या जाऊबाईंनी फोनवर ते 'मशीनवाला शॉक' असे पुढे पोचवले आणि मग चार नातेवाइकांना नव्याने समजावत बसावे लागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. ईसीटीची भीती घालवण्यासाठी टीडीसीएसची स्तुती करणे मला पटत नाही. रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, आत्महत्येचा विचार घट्ट धरला असेल, भ्रम होत असतील, तर आजही ईसीटी हाच सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक आहे, आणि अशा वेळी 'आधी ते सौम्य मशीन करून बघू' असा आग्रह धरण्याने मोलाचे दिवस वाया जातात. मंद प्रवाहाचा उपचार मुख्यतः सौम्य आणि मध्यम नैराश्याच्या रुग्णासाठी विचारात घेण्याजोगा आहे.

तो काम कसा करतो, हेही थोडे समजून घ्यावे, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतात. मेंदूतल्या पेशींना उद्दीपित करण्याची ताकद या प्रवाहात नसते. २ मिलिअँपिअर दिले तरी बराचसा प्रवाह त्वचेतूनच निघून जातो आणि मेंदूच्या पृष्ठभागावर तयार होणारे विद्युतक्षेत्र दर मीटरला १ व्होल्टपेक्षाही कमी असते. दार उघडले जात नाही. कडी थोडी सैल होते, एवढेच. धन टोकाखालच्या पेशी उद्दीपित व्हायला जरा अधिक तयार होतात, ऋण टोकाखालच्या जरा कमी. नैराश्यात कपाळाच्या वर, डाव्या बाजूचा अग्रभाग मंदावलेला आढळतो असे मानले जाते, म्हणून धन टोक तिथे ठेवतात आणि ऋण टोक उजव्या भुवईच्या वर किंवा उजव्या बाजूच्या तशाच जागी. जर्मनीतील ग्योटिंगनच्या नित्शे आणि पाउलुस यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, काही मिनिटे असा प्रवाह दिल्यास मेंदूच्या हालचालींच्या भागाची उद्दीपनक्षमता प्रवाह थांबल्यानंतरही काही काळ बदललेली राहते. आजच्या बहुतेक संशोधनाचा उगम तिथे आहे, तरी कल्पना त्याहून फार जुनी आहे: बेडकाच्या पायावरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या गॅल्व्हानीच्या आल्दिनी नावाच्या भाच्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच उदासीनतेच्या रुग्णांवर विजेचे प्रयोग केले होते.

आशा किती ठेवावी

दवाखान्यातल्या माहितीपत्रकात यशाचीच बाजू असते, म्हणून दुसरी बाजू इथे मांडते. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत सर्ट्रालिन ही नैराश्याची गोळी ५० मिलिग्रॅम आणि हा उपचार एकत्र दिल्यावर दोन्हींपैकी कोणताही एक दिल्यापेक्षा अधिक सुधारणा दिसली. त्याच संशोधकांची २०१७ ची चाचणी २४५ रुग्णांची होती. तिच्यात विद्युत उपचार खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला, पण एस्सिटालोप्राम या गोळीच्या तोडीचा आहे असे सिद्ध करता आले नाही: नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनात गोळी घेणाऱ्यांचे सरासरी ११.३ गुण उतरले, विद्युत उपचार घेणाऱ्यांचे ९.० आणि दोन्ही खोटे घेणाऱ्यांचे ५.८. पुढे २०२३ मध्ये जर्मनीतील आठ रुग्णालयांच्या चाचणीत, आधीपासून गोळ्या घेत असलेल्या रुग्णांना सहा आठवड्यांत २४ सत्रे दिली गेली, तेव्हा खऱ्या आणि खोट्या उपचारांत फरकच आढळला नाही. खोटा उपचार म्हणजे पट्टा, स्पंज, मशीन सगळे तेच, फक्त सुरुवातीची चुरचुर झाली की प्रवाह बंद.

या तिन्हींचा माझ्यापुरता अर्थ मी असा लावला: उपचार निरुपयोगी नाही, चमत्कार तर मुळीच नाही, आणि दोन-तीन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही न हटलेल्या नैराश्यात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. सुरक्षिततेबाबत मात्र पुरावा दिलासा देणारा आहे. २०१६ च्या एका आढाव्यात सुमारे एक हजार व्यक्तींना दिलेल्या ३३,२०० हून अधिक सत्रांत गंभीर इजा झाल्याची एकही नोंद नव्हती. हा दिलासा ठरलेल्या मात्रेत, नीट उपकरणाने दिलेल्या उपचारापुरताच आहे, आणि पुढची सगळी खटपट त्या अटीसाठीच आहे.

पहिल्या भेटीआधी आणि पहिल्या भेटीत

इंदूरमध्ये सुरुवात कुठून करावी, असे मला बरेच जण विचारतात. महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला सगळे एमवायच म्हणतात, तिथे मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग आहे आणि बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. शिवाय शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञ पुष्कळ आहेत. यांपैकी कोणाकडे टीडीसीएसचे उपकरण आहे आणि ते सध्या चालू आहे, हे जाण्याआधी फोन करून किंवा ओपीडीत विचारूनच कळते. पण उपकरण शोधत निघू नये, आधी निदान करून घ्यावे. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस मरगळतो, आणि निव्वळ शाकाहारी घरांत यांतली शेवटची गोष्ट काही दुर्मीळ नाही.

डॉक्टरांना न विचारताही सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत. डोक्यात किंवा मानेपाशी धातूची वस्तू, कानात शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवणयंत्र, पेसमेकर, कवटीवर झालेली शस्त्रक्रिया, कधी आलेली फीट, डोक्याच्या त्वचेवरचा इसब किंवा सोरायसिस, आणि स्त्रीरुग्ण असल्यास गर्भारपण. यांतल्या काहींमुळे उपचार टाळावा लागतो, काहींमुळे जपून करावा लागतो. याहून महत्त्वाची आणि घराघरांत लपवली जाणारी गोष्ट म्हणजे उन्मादाचा इतिहास. रुग्णाला किंवा जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला पूर्वी कधी अनेक दिवस झोपेची गरज न वाटता अफाट उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च असे झाले असेल तर ते सांगितलेच पाहिजे, कारण विद्युत उपचाराने, अगदी गोळीनेही, असा उन्माद उफाळू शकतो. २०१७ च्या त्या चाचणीत विद्युत उपचाराच्या गटातील दोघांना तो प्रथमच झाला होता. आमच्या मामांचे 'ते वर्ष' घरात कोणी बोलून दाखवत नसे. डॉक्टरांपुढे मी ते सांगितले, तेव्हा अक्काने माझ्याकडे रागाने पाहिले. डॉक्टरांनी मात्र लगेच नोंद करून घेतली.

औषधांची यादी तोंडी सांगू नये, गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी घेतल्या जाणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, घेणाऱ्या रुग्णांना या उपचाराचा फायदा कमी झाल्याचे दिसले आहे. फिटसाठी आणि कधीकधी मनाच्या चढउतारांसाठी देतात ती कार्बामाझेपिन ही गोळी धन टोकाचा परिणाम जवळजवळ पुसून टाकते. हे वाचून कोणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. बेन्झोडायझेपिन एकदम सोडल्याने फीट येऊ शकते. फक्त विचारावे: "या गोळीचे काय करायचे?"

आणि मग चार आकडे विचारावेत. प्रवाह किती, किती मिनिटे, एकूण किती सत्रे, आणि धन व ऋण टोके नेमकी कुठे. औषधाच्या चिठ्ठीवर जसे नाव आणि मिलिग्रॅम असतात तसे हे चार आकडे उपचाराच्या कागदावर असलेच पाहिजेत. प्रचलित पद्धतीत २ मिलिअँपिअर, २० ते ३० मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे दोन ते चार आठवडे, आणि मग अंतराने काही सत्रे, असा क्रम असतो. उत्तर मिळाले की वहीत लिहून घ्यावे आणि त्यात पुढे बदल झाला तर का झाला ते विचारावे. "वाढवून दिले तर लवकर बरे वाटेल का?" हा प्रश्न अक्काच्या मुलाने विचारला होता. त्याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यामागे कारणही आहे: प्रवाह किंवा वेळ वाढवल्यास परिणाम त्याच प्रमाणात वाढत नाही, कधीकधी तो उलटतोही. ऋण टोकाखाली १ मिलिअँपिअरने जी क्षमता घटते ती २ मिलिअँपिअर २० मिनिटे दिल्यावर वाढल्याचे प्रयोगात आढळले आहे. शिक्षिकेच्या सवयीने सांगते, हा सरळ रेषेचा आलेख नाही.

सत्रांचे दिवस ठरवताना पंचांगही पाहावे, अर्थात मुहूर्तासाठी नाही. मध्येच खंड पडला तर परिणामाचा हिशेब बिघडतो. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमुळे, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीमुळे, आणि रंगपंचमीच्या गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, आणि गेरीत रंगलेल्या कपाळावर, टाळूवर रंगाने त्वचा हुळहुळलेली असताना इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाह देणारी टोके, बसवणे हे आगीशी खेळण्यासारखे आहे. चार आठवडे मोकळे सापडतील असाच काळ निवडावा.

सत्राच्या दिवशी

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली ती खोबरेल तेलाने. अक्का गेली पन्नास वर्षे रोज सकाळी टाळूला तेल थापते. उपकरण चालवणाऱ्या मुलीने स्पंज बसवले, पट्टा आवळला, आणि पडद्यावरचा रोधाचा, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा खाली यायला तयार होईना. "दीदी, तेल लगाया है क्या?" तिने विचारले, आणि अक्का नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "मग काय, कोरड्या डोक्याने यायचं होतं?" तेल विजेचे दुर्वाहक आहे, त्वचा आणि ओला स्पंज यांच्यामध्ये त्याचा थर बसला की प्रवाहाला वाट मिळत नाही. त्या दिवशी सत्र झालेच नाही. म्हणून आदल्या रात्री किंवा सकाळी शांपूने केस धुवावेत, तेल, कंडिशनर, जेल काही लावू नये आणि केस पूर्ण वाळवून जावे. कपाळावर जिथे ऋण टोक येते तिथली टिकली, कुंकू, गंध, अष्टगंध, चेहऱ्याची क्रीम पुसून टाकावी. कुंकू पुसायला सांगितल्यावर आमच्याकडे क्षणभर अवघडलेपण आले होते. सत्र झाल्यावर ते पुन्हा लावता येते, असे आधीच सांगून ठेवलेले बरे.

जागा कशी शोधतात हे एकदा लक्ष देऊन पाहावे. मापपट्टीने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजतात, दोन्ही रेषा जिथे छेदतात तो डोक्याचा माथा धरून तिथून ठरावीक टक्क्यांच्या अंतराने डावीकडे, पुढे खूण करतात. मेंदूचा आलेख काढताना वापरतात तीच ही पद्धत, आणि त्या बिंदूला एफ-३ म्हणतात. पहिल्या दिवशी मापे वहीत उतरवून घ्यावीत. पुढे घाईत कोणी नुसत्या अंदाजाने पट्टा चढवू लागले तर "मापून घेता का?" असे नम्रपणे म्हणता येते. दोन बोटांची चूक मेंदूत निराळ्याच भागावर जाऊन पोचते.

आता स्पंज. इलेक्ट्रोड म्हणजे ५ सेंटिमीटर बाय ७ सेंटिमीटरचा रबराचा तुकडा, आणि तो स्पंजाच्या पिशवीत घातलेला असतो. स्पंज सलाइनमध्ये भिजवतात. तो इतका ओला हवा की दाबल्यावर ओल जाणवेल, पण थेंब ओघळणार नाहीत. कारण पाणी केसांतून वाहत दोन्ही टोकांमध्ये पसरले तर प्रवाह मेंदूकडे जाण्याऐवजी त्वचेवरूनच आखूड वाटेने परत फिरतो. कमी ओला असेल तर कडा सुकतात आणि सगळा प्रवाह ओल्या राहिलेल्या लहानशा ठिकाणी एकवटतो. हिशेब सोपा आहे: ३५ चौरस सेंटिमीटरवर पसरलेले २ मिलिअँपिअर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.०५७ मिलिअँपिअर देतात. तोच प्रवाह ३ चौरस सेंटिमीटरमधून गेला तर बारापट भार पडतो.

हा हिशेब मला फळ्यावर नव्हे, अक्काच्या कपाळावर पाहायला मिळाला. आठव्या सत्राला नेहमीची मुलगी रजेवर होती, आणि बदलीवर आलेल्या मदतनिसाने स्पंज नळाखाली धरून पिळून आणला. इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी कितीही पावन असले तरी त्यातल्या क्षारांचे प्रमाण सलाइनइतके नसते, आणि नळाच्या पाण्याने भिजवलेल्या स्पंजाखाली त्वचेला इजा झाल्याच्या नोंदी शास्त्रीय वाङ्मयात आहेत. मी ते पाहिले, पण बोलले नाही. वाटले, त्यांना कळत असेल. दहा मिनिटांनी अक्का म्हणाली, "टोचतंय गं." मदतनीस म्हणाला, थोडे होतेच. सत्र पूर्ण झाले आणि पट्टा काढला तर उजव्या भुवईच्या वर चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढा लालभडक डाग, मधोमध पांढुरका. भाजल्याचाच तो डाग होता. सहा दिवस गेले बरा व्हायला आणि चार सत्रे बुडाली. दवाखान्याने नंतर चूक मान्य केली, पण चूक माझीही होती.

म्हणून काय होणे साधारण आहे आणि काय नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. प्रवाह एकदम सुरू होत नाही, सुमारे ३० सेकंदांत हळूहळू चढतो आणि शेवटी तसाच उतरतो. चढताना मुंग्या, खाज, किंचित चुरचुर जाणवते आणि बहुधा दोन-तीन मिनिटांत ओसरते. त्वचा सर्वत्र सारखी गुलाबी होणे, नंतर हलके डोके दुखणे, थकवा येणे हेही नेहमीचे. पट्टा मध्येच सरकला किंवा प्रवाह अचानक तुटला तर डोळ्यांपुढे क्षणभर प्रकाश चमकतो. घाबरण्यासारखे काही नसते, पण पट्टा ओढून काढू नये, आधी यंत्रावरून प्रवाह उतरवू द्यावा. वाढत जाणारी, एकाच टिंबावर जाणवणारी जळजळ मात्र साधारण नाही. ती जाणवताच थांबवायला सांगावे, स्पंज पुन्हा भिजवून घ्यावा. सत्र संपल्यावर दोन्ही जागा उजेडात नीट पाहाव्यात आणि त्वचेवर ओरखडा, फोड, डाग असल्यास दुसऱ्या दिवशी तिथे इलेक्ट्रोड लावू देऊ नये.

घरी करण्याविषयी

माझ्या भाच्याने, म्हणजे अक्काच्याच मुलाने, एका संध्याकाळी मोबाइलवर दुवा पाठवला: असेच उपकरण ऑनलाइन मिळते, रोज दवाखान्यात कशाला जायचे? प्रश्न अगदीच वावगा नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि अमेरिकेतील १७४ जणांच्या चाचणीत लोकांनी घरीच, पण दूरस्थ देखरेखीखाली, दहा आठवडे उपचार घेतला आणि खरा उपचार मिळालेल्यांपैकी ४४.९ टक्के, तर खोटा मिळालेल्यांपैकी २१.८ टक्के लक्षणमुक्त झाले. त्याच वर्षी ब्राझीलमधील २१० जणांच्या चाचणीत देखरेखीविना घरी घेतलेल्या उपचारात असा फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी स्वतः उपकरण दिले, शिकवले, ते त्यावर लक्ष ठेवणार असतील तर घरी करण्यात गैर काही नाही. स्वतःच विकत घेऊन सुरू करणे निराळे.

त्याहून वाईट म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी, दोन तारा आणि स्पंज घेऊन केलेली जोडणी. असे व्हिडिओ पाहून मुले करतात, आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाने तर ते मला कौतुकाने सांगितले होते. खरे उपकरण प्रवाह स्थिर ठेवते: रोध ५ किलोओम असेल तर २ मिलिअँपिअरसाठी १० व्होल्ट लावते आणि रोध उतरला की व्होल्टही उतरवते. बॅटरीला ते कळत नाही. त्वचा भिजून रोध २ किलोओमवर आला की तीच बॅटरी ४.५ मिलिअँपिअर ढकलू लागते, हळूहळू चढवणे नाही, आपोआप थांबणे नाही. भाच्याला मी हे गणित कागदावर करून पाठवले.

वही

या उपचारात रोजच्या रोज काही जाणवत नाही, आणि कंटाळून सोडणारे बहुधा दुसऱ्या आठवड्यात सोडतात. त्यावर उपाय म्हणजे मोजणे. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र आणि विसापासून तीव्र नैराश्य असे ढोबळ टप्पे आहेत. ती उपचाराआधी एकदा आणि मग दर आठवड्याला ठरावीक वारी भरावी. अक्काची आम्ही रविवारी भरत असू, पोहे व्हायच्या आधी, कारण पोह्यांनंतर सगळे छानच वाटते असे तीच म्हणायची. गुण निम्म्यावर आले तर प्रतिसाद चांगला समजतात. त्याच पानावर झोपेचे तास, बदललेली गोळी, बुडालेले सत्र आणि त्वचेची स्थिती एकेका ओळीत लिहावी.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर शून्याखेरीज काहीही आले तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, रुग्णाला एकटे ठेवू नये, औषधांचा साठा आपल्या ताब्यात घ्यावा. डॉक्टर भेटत नसतील तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे. जिवाला धोका समोर दिसत असेल तर सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. उपचार सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे झाल्यावर माणसात हालचालीची शक्ती मनाच्या आधी परत येते असे अनेकदा दिसते, म्हणून 'आता जरा बरी दिसते' या काळात लक्ष अधिकच ठेवावे.

दुसऱ्या टोकाचीही नोंद हवी. तीन तास झोपून ताजेतवाने वाटणे, विचार भराभर धावणे, अचानक मोठी खरेदी, न शोभणारी चिडचिड असे सलग दोन-तीन दिवस दिसले तर पुढचे सत्र घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे. बारावे सत्र झाले त्या आठवड्यात अक्का पहाटे चारला उठून माळा आवरायला लागली, तेव्हा मामांची आठवण होऊन माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी दोन दिवस थांबून पाहायला सांगितले. ती रात्री सात तास झोपत होती आणि माळा खरोखरच आवरण्यासारखा होता.

सत्रे संपल्यावर

वीस सत्रांअखेरीस अक्काचे गुण १७ वरून ११ वर आले आणि तिसऱ्या महिन्यात ८ वर. यातले किती श्रेय प्रवाहाचे, किती सर्ट्रालिनचे, किती रोज घराबाहेर पडून रिक्षाने जाण्या-येण्याचे, हे मला सांगता येणार नाही, आणि एका रुग्णावरून कोणालाही सांगता येणार नाही.

शेवटच्या सत्राला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गोळी किती महिने चालू ठेवायची, अंतराने सत्रे द्यायची का, आणि गुण पुन्हा चढू लागले तर किती आकड्याला फोन करायचा. सत्रे संपली म्हणजे गोळ्याही संपल्या असा समज सर्वत्र आहे आणि तो धोक्याचा आहे. २०१७ च्या चाचणीत सलग १५ सत्रांनंतर आठवड्याला एक याप्रमाणे ७ सत्रे दिली होती. आमच्या डॉक्टरांनी सहा आठवडे दर शनिवारी एक असे सांगितले. अपेक्षित सुधारणा झालीच नाही तर तेच आणखी वीस दिवस रेटण्यापेक्षा औषध बदलणे, समुपदेशन जोडणे, आरटीएमएस किंवा ईसीटीचा विचार करणे यांवर बोलावे. विमा असेल तर दावा जरूर करावा, कारण २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारांसारखाच विमा देणे बंधनकारक केले आहे. चार आकडे लिहिलेला उपचाराचा कागद आणि सत्रांच्या पावत्या त्यासाठी लागतात.

आमच्या डॉक्टरांनी फोनसाठी ठरवून दिलेला आकडा आहे १२. तो वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लाल शाईने लिहिलेला आहे, आणि रविवारचे गुण अक्का आता स्वतःच भरते.